चिनी माणसावाचून चायनीज

चायनीजची पहिली गाडी मुंबईच्या गिरणगावात उभी राहिली, त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून गिरणगावचा माल चीनमध्ये खपत होता. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी १८५०च्या दशकात सुरू झाली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, प्रभादेवी, वरळी असा सगळा पट्टा धुरांड्यांनी भरून गेला. या गिरण्या तेव्हा कापडापेक्षा सूतच अधिक काढत. ते सूत जाडंभरडं असे आणि त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होता चीन. शांघाय, हाँगकाँगच्या बाजारांतून गाठी आत जात, खेडोपाडी हातमागांवर चढत. रत्नागिरीहून बोटीने आलेल्या कामगाराच्या हातचा धागा असा कुठल्या तरी चिनी शेतकऱ्याच्या अंगावर जाऊन बसे. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसे.

त्याच्याही आधी मुंबईहून चीनला जात होती ती माळव्याची अफू. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती त्या व्यापारातली, ससूनांचीही. जमशेटजी टाटा तरुणपणी, १८५९मध्ये, वडिलांच्या पेढीसाठी हाँगकाँगला गेले तेही याच कापूस-अफूच्या वाटेने. मुंबईच्या कित्येक गिरण्यांच्या भांडवलात अफूचा पैसा मुरलेला होता, हे आपण फारसं बोलत नाही. पुढे १८९३मध्ये सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या. चिनी गिऱ्हाईक चांदीत पैसे मोजणारं, त्यामुळे हुंडणावळीचा सगळा हिशेब बिघडला. मागोमाग जपानी सूत आलं आणि ती बाजारपेठ हळूहळू हातची गेली.

बदल्यात चीनकडून गिरणगावाला काय मिळालं? पहिली लक्षात राहण्याजोगी गोष्ट म्हणजे प्लेग. १८९४ला हाँगकाँगमध्ये साथ होती. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतला पहिला रुग्ण ओळखला. चाळी ओस पडल्या, कामगार कोकणात आणि घाटावर पळाले, गिरणीमालक फाटकाबाहेर रोजच्या रोज रोकड मोजून माणसं मिळवू लागले. वाल्डेमार हाफकिन यांची लस बनवणारी प्रयोगशाळा १८९९मध्ये परळला, लाटसाहेबाच्या जुन्या बंगल्यात गेली. आजही ती हाफकिन संस्था म्हणून तिथेच आहे.

अफू गेली, सूत गेलं, प्लेग आला. शिजवलेलं अन्न मात्र या वाटेवर कुठेच नव्हतं.

याचा अर्थ मुंबईत चिनी माणूस नव्हता असा नाही. गोदीच्या आसऱ्याने माझगावात चिन्यांची छोटी वस्ती होती. खलाशी, सुतार, गोदीतले कारागीर. नवाब टँक रोडवरचं त्यांचं देऊळ १९१९चं. ‘सी यिप’ म्हणजे चीनच्या दक्षिणेकडच्या ग्वांगडाँग प्रांतातले चार तालुके. तिथून आलेल्यांनी ते बांधलं. खाली करुणेची देवी ग्वानयिन, वर योद्धा देव ग्वान गाँग. हे लोक कॅन्टनीज. त्यांच्या जेवणाची रीत म्हणजे ताजा मासा आलं-कांद्याची पात घालून वाफवायचा, भाजी कडकडीत कढईत क्षणभर परतून करकरीत ठेवायची, डुकराचं मांस मधाळ भाजायचं, आणि मूळ पदार्थाची चव झाकेल असं काही वर ओतायचं नाही. तिखट जवळपास नाहीच. मालवणी माणसाला असलं जेवण आजाऱ्याचं पथ्य वाटलं असतं. ते चाखायचा प्रसंगही त्याच्यावर आला नाही. माझगाव ते प्रभादेवी चालत गेलं तरी तासा-दीड तासाचं अंतर, पण एका टोकाला गोदी, दुसऱ्याला गिरणी, आणि गिरणगावाची भूक भागवायला खानावळवाली बाई होती. एकट्या आलेल्या गाववाल्यांना महिन्याच्या बोलीवर ती जेवू घाली. भाकरी, भात, आमटी, बाजार बरा असला तर बांगडा किंवा सुकट. तीन पाळ्यांच्या भोंग्यांवर तिची चूल चालत असे. संपाच्या काळात याच बायकांनी उधारीवर संप जगवले. १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं तेव्हा कुठे त्यांच्या कष्टाला बँकेच्या दारात किंमत आली.

चिनी माणूस गिरणगावाने पहिल्यांदा नीट पाहिला तो पडद्यावर, आणि तोही मराठी कलाकारांनी रंगवलेला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले, १९३८च्या सप्टेंबरात काँग्रेसच्या वैद्यकीय पथकाबरोबर मुंबईहून चीनला निघाले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. चारच वर्षांनी व्ही. शांतारामांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. शांतारामांचं राजकमल कलामंदिर परळचंच. कोटणीस जिथे डॉक्टर झाले त्याच मोहल्ल्यातला हा स्टुडिओ. कोटणीसांच्या भूमिकेत स्वतः शांताराम, आणि त्यांच्या चिनी पत्नीच्या भूमिकेत जयश्री. परळमध्ये चीन उभा करायला चिनी माणसाची गरज लागत नाही, हे १९४६मध्येच सिद्ध झालं होतं म्हणायचं. कढईच्या बाबतीत ते कळायला आणखी चाळीस वर्षं जायची होती.

मध्ये १९६२चं चीनशी युद्ध आलं. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आजही जुनी माणसं ऐकवतात. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. गिरणगावात या युद्धाला आणखी एक धार होती. हा लाल बावट्याचा मुलूख. कॉम्रेड डांग्यांनी चीनला दोष दिला, कम्युनिस्ट पक्षातल्या दुसऱ्या गटाचे पुढारी तुरुंगात गेले, आणि १९६४ला पक्ष फुटला. चाळीच्या गॅलरीत ‘चिनी एजंट’ ही शिवी झाली. देशभरातल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतले बरेच पिढ्यान्‌पिढ्या इथेच जन्मलेले होते. बाहेर राहिले त्यांच्यावर पोलिसांत हजेरी, प्रवासाला परवाना. सुटल्यावर अनेकांनी कॅनडा, ऑस्ट्रेलियाची वाट धरली. जे उरले त्यांच्यापुढे मोजके धंदे होते. दाताचा दवाखाना, ब्युटी पार्लर, चपला-बूट आणि हॉटेल.

हॉटेलं तेव्हा होती ती फोर्टच्या बाजूला. चर्चगेटचं कामलिंग, अपोलो बंदराजवळचं नानकिंग. पारशी, इंग्रज, सिनेमावाले, बोटीवरून उतरलेले गोरे असा तिथला राबता, आणि चव कॅन्टनीजच्या जवळ जाणारी. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ उघडलं आणि सिचुआन प्रांताचं झणझणीत जेवण मुंबईच्या श्रीमंतांच्या ताटात आलं. तिखट चायनीजची गोडी इथे लागली, पण दार अजून वातानुकूलित होतं.

ते दार उघडलं एका कलकत्त्याच्या पोराने. नेल्सन वँग १९७४च्या सुमाराला कलकत्त्याहून मुंबईला आले. खिशात सत्तावीस रुपये होते अशी आख्यायिका आहे. आधी कुलाब्यात छोटी नोकरी, मग ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं स्वयंपाकघर. १९७५मध्ये तिथल्या कुणा गिऱ्हाइकाने रोजचं सोडून काही नवं मागितलं. वँगनी आलं, लसूण, हिरवी मिरची बारीक चिरून परतली. इथपर्यंत ती आपल्याच घरातली फोडणी. पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लोअरमध्ये घोळून तळलेले कोंबडीचे तुकडे त्यात टाकले, आणि कॉर्नफ्लोअरच्याच पाण्याने रस्सा घट्ट केला. नाव दिलं चिकन मंचुरियन. चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात लोक खातात आंबवलेला कोबी, डुकराचं मांस, कणकेचे उकडलेले करंजीवजा गोळे. या पदार्थाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण फोडणी आपली, काळपट चकाकी परकी, असा हा बेत अचूक बसला. १९८३मध्ये वँगनी केम्प्स कॉर्नरला ‘चायना गार्डन’ काढलं तोवर मंचुरियन शहरभर झालं होतं. शाकाहाऱ्यांसाठी कोंबडीच्या जागी पनीर, फ्लॉवर, आणि शेवटी कोबीचे गोळे आले. उडप्याच्या हॉटेलात इडली-डोशाच्या पाटीखाली ‘चायनीज’ असा वेगळा रकाना पडला. परमिट रूमवाल्यांना तर चकण्यासाठी असलं तिखट, तळकट, दहा मिनिटांत होणारं काही हवंच होतं.

वँग चिनी, पण जन्माने आणि हाताने भारतीय. आणि खरं सांगायचं तर या कहाणीतला शेवटचा महत्त्वाचा चिनी माणूस तोच. त्याच्यानंतरचा सगळा प्रवास इतरांच्या हातांनी झाला.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. भोंगे थांबले तसं गिरणगावाचं घड्याळही थांबलं. गाव असलेले गावाला गेले. राहिलेल्यांच्या घरांत बायकांनी पोळ्या लाटून दिल्या, मसाले कुटले, मुलांनी मिळेल ते केलं. फुटपाथवर खाण्याची गाडी लावणं हा त्यातला सर्वांत सोपा धंदा, कारण त्याला भांडवल थोडं आणि प्रशिक्षण घरातलं. वडापावची वाट दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी १९६६मध्येच घालून दिली होती. पण वडापावची जागा सकाळ ते संध्याकाळ. रात्रीची जागा मोकळी होती. तिसऱ्या पाळीला जाणारा-येणारा माणूस संपला तरी रात्री उशिरापर्यंत जागं राहायची या वस्तीची खोड गेली नव्हती, आणि आता कुरियर, सिक्युरिटी, दुकानं-ऑफिसांतल्या नोकऱ्यांवरून नऊ-दहाला परतणारी पोरं होती. चायनीजची गाडी तिथे शिरली.

तिचं अर्थशास्त्र बघण्यासारखं आहे. पदार्थाचा निम्मा जीव कोबी, आणि कोबी नाशिक-पुण्याकडून ट्रक भरून येतो. गाजर, सिमला मिरची, पातीचा कांदा. भात दुपारीच शिजवून पसरून ठेवायचा. गरम भात कढईत चिकटतो, गार झालेला मोकळा सुटतो, त्यामुळे सकाळचा उरलेला चालतो असं नाही तर तोच बरा. सॉसच्या तीन बाटल्या, लाल, हिरवी आणि काळी, झाकणाला भोकं पाडलेल्या. व्हिनेगर. वाटीत पांढरा अजिनोमोटो. जपानी प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये समुद्रशेवाळातून वेगळा काढलेला हा क्षार; त्याच्यावर जगभर जेवढा कागद काळा झाला त्याचा या वाटीवर कधी परिणाम झाला नाही. खाली सिलिंडर आणि भट्टी, तिला हवेचा झोत, ज्वाळा कढईच्या कडेवरून आत डोकावणारी. तो भडका हीच गाडीची जाहिरात. चिनी स्वयंपाकात ज्या जळक्या-धुरकट वासाला फार मान आहे, तो एखाद्या पंचतारांकित हॉटेलपेक्षा या फुटपाथवर जास्त सापडतो असं माझं मत आहे. बाकी काही चिनी नसेल, पण आग आहे.

कोंबडीही याच काळात स्वस्त झाली. पूर्वी गावठी कोंबडा म्हणजे गौरी-गणपतीनंतरचा, पाहुण्याचा, नवसाचा. डॉ. बी. व्ही. राव यांच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने १९७०च्या दशकापासून ब्रॉयलरचं उत्पादन वाढवलं आणि पांढरी, मऊ, आठवड्यांत तयार होणारी कोंबडी दुकानात लटकू लागली. तिच्या पंखांना कुणी विचारत नव्हतं. पंखाचं मांस हाडावरून खरवडून एका टोकाला गोळा करायचं, लाल रंगात घोळवून तळायचं, हाडाची दांडी हातात, की झालं चिकन लॉलीपॉप. हा आपल्याकडचाच शोध. बीजिंगमध्ये मागायला जाऊ नये. तसंच ट्रिपल शेजवान. एकाच ताटात फ्राइड राइस, नूडल्स, वर ग्रेव्ही, कुठे त्यावर अंडं. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही आणि नूडल्स तर हव्यातच, या पेचावर काढलेला हा तोडगा. दोन मित्रांत एक प्लेट पुरते. आणि चायनीज भेळ तर सरळ चौपाटीवरून उचललेली: कुरमुऱ्यांच्या जागी तळलेल्या नूडल्स, चिंचेच्या चटणीच्या जागी शेजवान.

या शेजवानपाशी, म्हणजे सिचुआनच्या इथल्या उच्चारापाशी, जरा थांबतो. सिचुआनच्या जेवणाचे दोन खांब आहेत. एक, पिशियन गावची आंबवलेल्या बियांची आणि मिरचीची लाल-काळी पेस्ट. ती महिनोन्‌महिने रांजणात उन्हात मुरवतात. दुसरा, जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी. आपल्या गाडीवरच्या शेजवान चटणीत यातलं काहीही नसतं. असते सुकी लाल मिरची, भरपूर लसूण, आलं, तेल, व्हिनेगर, म्हणजे आपल्या ठेच्याची ओली, चकचकीत बहीण. गंमत पुढे आहे. ही सिचुआन मिरी आणि कोकणातलं तिरफळ ही एकाच कुळातली, एकाच प्रजातिगटातली झाडं. वासही सख्ख्या नात्यातला, जिभेवरची झिणझिणही. प्रभादेवीच्या चाळीतल्या मालवणी घरात बांगड्याच्या तिखल्यात ठेचलेली तिरफळं पडतच होती. म्हणजे सिचुआनची खरी खूण वर तिसऱ्या मजल्यावर आईच्या कालवणात, आणि सिचुआनच्या नावाची गाडी खाली रस्त्यावर, तिच्यात एकही तिरफळ नाही! मिरची तरी कुठे चिनी? तीही अमेरिकेतली, सागरी व्यापारातून पसरत गोव्यालाही आली आणि चीनलाही गेली.

मग कढईपाशी कोण? फार क्वचित मालक. मालक कोकणी, घाटावरचा, कधी तेलुगू किंवा उत्तर भारतीय. ‘ड्रॅगन’ नावाची लाल पाटी आणि महापालिकेची उचलगाडी आली की काय करायचं याची जबाबदारी त्याची. स्वयंपाकी नेपाळचा, दार्जिलिंगचा, ईशान्येकडचा. त्याच्या तोंडावळ्याकडे बघून गिऱ्हाईक त्याला बिनदिक्कत ‘चिनी’ समजतं, आणि मालकही तो गैरसमज दूर करत नाही, कारण तो फुकटची जाहिरात करतो. त्या मुलाला ते ऐकायला कसं वाटतं, हे विचारायच्या भानगडीत आपण पडलो नाही. काठमांडू खोऱ्याबाहेरच्या डोंगरातून आलेल्या त्या पोराने चीन पाहिलेला नसतो. सोया सॉस त्याने पहिल्यांदा दादरलाच हातात धरलेला असतो.

प्रभादेवीत या गाड्यांना आणखी एक पंचांग आहे. सिद्धिविनायक. मंगळवारी इथल्या असंख्य घरांत मांसाहार नाही. अंगारकीला आदल्या रात्रीपासून रांग लागते आणि रांगेतल्या माणसालाही भूक असतेच, म्हणून व्हेज मंचुरियन आणि व्हेज हक्का नूडल्स. आषाढ अमावास्येच्या आसपास लॉलीपॉपची झुंबड, श्रावणात उतार, गणपतीत लालबागच्या रांगांमुळे पहाटेपर्यंत भट्टी. चीनच्या दिनदर्शिकेत यातला एकही सण नाही.

दरम्यान शेजवान बाटलीत गेलं. १९९०च्या दशकात अजय गुप्तांच्या कॅपिटल फूड्सने ‘चिंग्ज सीक्रेट’ आणलं आणि गाडीवरची चव किराणा दुकानात, तिथून घरातल्या फोडणीच्या भातावर, डोशावर, पुढे वडापावातही गेली. २०२४मध्ये ती कंपनी टाटांनी ५,१०० कोटी रुपयांच्या मूल्याने घ्यायचं ठरवलं. ‘गोल्डन ड्रॅगन’ टाटांच्याच ताजमध्ये, चटणीही टाटांच्या गोदामात. हाँगकाँगच्या त्या पेढीपासून सुरू झालेला घराण्याचा चिनी व्यवहार असा फिरून स्वयंपाकघरात आला. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८मध्ये प्रभादेवी झालं, आणि काचेच्या इमारतींत आता वाफवलेले डिमसम बांबूच्या टोपल्यांतून मिळतात. म्हणजे माझगावच्या सुतारांचं ते जुनं कॅन्टनीज जेवण, शंभर वर्षं उशिरा आणि पाचशे पटींनी महाग. ते खाऊन खाली उतरलेली पोरं पोट भरलं नाही म्हणून गाडीवर थांबलेली मी पाहिली आहेत.

जून २०२०मध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत भारतीय जवान मारले गेले आणि केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी चिनी खाद्यपदार्थांवर बहिष्कार टाकावा, चायनीज विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घालावी, असं म्हटलं. १९६२च्या आठवणी असणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यात नवल वाटलं नसेल. पण ही बंदी पडणार कोणावर, असा प्रश्न निघाला तेव्हा लोक हसले: नाशिकच्या कोबीवर, ब्रॉयलरवाल्यावर, नेपाळी आचाऱ्यावर आणि सावंतवाडीच्या मालकावर. आणि बंदी घालायला रस्त्यावर गाड्या होत्याच कुठे? लॉकडाउन होता. गाड्या ताडपत्रीखाली साखळीने बांधलेल्या होत्या, कढया उलट्या, आणि आचारी बरेचसे आपापल्या डोंगरात पोहोचले होते. पुढच्या वर्षी ते परतले तेव्हा आधी सिलिंडरचा भाव विचारला, मग कोबीचा.